सायकलरिक्षाला रस्त्यावर जागा हवी
सायकलरिक्षा इंधन जाळत नाही, धूर सोडत नाही. दिल्लीत मेट्रो स्थानक ते घर हा एक-दोन किलोमीटरचा टप्पा आणि चांदनी चौकालगतच्या अरुंद गल्ल्या ती सहज सांभाळते. तरीही महापालिकेने तिच्या परवान्यांवर ९९ हजारांची मर्यादा घातली. मोटारींच्या संख्येवर अशी मर्यादा नव्हती. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० साली ती रद्द केली, हे योग्यच झाले. चालकाचे कष्ट मात्र खरे आहेत. सामान्य माणूस तासन्‌तास जेमतेम ७५ ते १०० वॅट शक्ती देऊ शकतो. जुन्या रिक्षाला गिअर नसल्याने चढावर सारा ताण गुडघ्यांवर येतो. हलका सांगाडा आणि गिअर असले, की तेवढ्याच शक्तीत चढ पार होतो. बंदीऐवजी सुधारित रिक्षा, सुलभ परवाने आणि स्वतंत्र मार्गिका द्याव्यात.