भागीचे घोडे

‘भागीचे घोडे किवणाने मेले’ ही म्हण वडीलधाऱ्यांच्या तोंडून आपण नेहमी ऐकतो. घोडे दोघांचे, म्हणून त्याची निगा एकानेही राखली नाही. मग दोन देशांतील दोन कंपन्या मिळून एकच कारखाना चालवतात, तेथे हे घोडे जगते तरी कसे? याचे उत्तर शोधण्यास आम्हां अमरगोळकरांना दूर जावयास नको. धारवाड ओलांडून बेळगावच्या रस्त्यास लागले की त्याची दोन उदाहरणे जवळच भेटतात.

२००६ साली टाटा मोटर्स आणि ब्राझीलमधील मार्कोपोलो या कंपन्यांनी बसगाड्यांच्या बॉडी बांधण्यासाठी एक नवी कंपनी स्थापण्याचे ठरवले. टाटांपाशी चॅसिस होती, येथील बाजारपेठेची माहिती होती. मार्कोपोलोपाशी बॉडी बांधण्याचा १९४९ पासूनचा अनुभव होता. एकाजवळ जे उणे, ते दुसऱ्याजवळ होते. संयुक्त उद्योगाचे मूळ कारण बहुधा हेच असते.

अशी कंपनी कायद्याने दोन्ही मालकांहून निराळी असते. तिचे भागभांडवल दोघांत वाटले जाते. येथे टाटांकडे ५१ टक्के व मार्कोपोलोकडे ४९ टक्के भाग होते. फरक दोनच टक्क्यांचा. परंतु सामान्य प्रश्नांवर बहुमत कोणाचे, हे त्यावरूनच ठरते. मग धाकट्या भागीदाराने काय करावे? त्यासाठी करारात काही मोठ्या बाबी वेगळ्या लिहून ठेवतात: नवे भांडवल उभारणे, मोठे कर्ज काढणे, कंपनी विकणे. यांस दोघांचीही संमती लागते. संचालक मंडळावर कोणाचे किती सभासद, व्यवस्थापक कोणी नेमावा, तंत्रज्ञानाबद्दल किती मोबदला द्यावा, तंटा कोणत्या लवादापुढे न्यावा, हेही आधीच ठरवावे लागते.

आणि सर्वांत अवघड कलम म्हणजे वेगळे होण्याचे. सोयरीक जुळवतानाच काडीमोडाची भाषा करणे आपणांस अशुभ वाटते. व्यापारात मात्र ते शहाणपण ठरते. डिसेंबर २०२० मध्ये टाटांनी मार्कोपोलोचे ४९ टक्के भाग सुमारे १०० कोटी रुपयांस घेण्याचे जाहीर केले. मार्कोपोलोचे नाव किमान तीन वर्षे वापरण्याची मुभाही त्या वेळी ठरली. पाहुणे गेले, पण कारखाना धारवाडलाच राहिला. बॉडी बांधण्याची विद्याही येथील कामगारांच्या हातांत राहिली.

शेजारच्या दुसऱ्या उदाहरणात पारडे उलट झुकले. पोकलेन या नावाने लोक ज्यांना ओळखतात, ती माती उकरणारी यंत्रे टाटा हिताची येथे बनवते. २०१० साली जपानच्या हिताचीने आपला भाग ४० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर नेला. टाटा तेथे आज धाकटे भागीदार आहेत, तरी भागी टिकून आहे.

या दोहोंवरून आम्हांस असे वाटते की, भाग वाढला वा घटला, भागीदार राहिला वा गेला, एवढ्यावरून उद्योग फसला असे म्हणू नये. गावास काम मिळाले काय, विद्या येथे रुजली काय, हे पाहावे. म्हणीतले घोडे दोघांचे होते म्हणून मेले नाही. वैरण कोणी घालावी, खरारा कोणी करावा, हे आधी ठरले नव्हते, म्हणून मेले.