शहरचें सुख आणि गांवची जमीन

मुंबईच्या सुखांस आम्ही नांवें ठेवीत नाहीं. तेथें नळाचें पाणी, मोठीं रुग्णालयें, मुलांस विद्या आणि हातास रोकड मिळते. परंतु जागा अपुरी, भाडें भारी, आणि पगार थांबला कीं चूलहि थांबते. सन १९८२ च्या संपांत सुमारें अडीच लाख गिरणीकामगारांची रोजी बुडाली. तेव्हां गांवीं जमीन असलेले पुष्कळ जण कोंकणांत व घाटावर परतून कसेबसे दिवस कंठूं शकले. महसूल खात्यांत कारकून असतां, मुलाच्या शहरांतील खोलीसाठीं विकलेल्या शेतांचे फेरफार आम्हीं लिहिले. त्यांपैकीं एकहि शेत पुन्हां विकत घेतल्याची नोंद आमच्या हातून झाली नाहीं. म्हणून शेतकरी बंधूंनीं मुलांस शहरीं खुशाल पाठवावें. सातबाऱ्यावरील नांव मात्र राखावें.