मोत्या मॅच पाहतो का?

अमेरिकेतल्या ऑबर्न विद्यापीठाने २०२५मध्ये ४५३ कुत्र्यांच्या टीव्ही पाहण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. पडद्यावर दुसरं जनावर दिसलं की कुत्री सर्वाधिक चाळवतात, उत्साही कुत्री हलत्या वस्तूचा पाठलाग करू पाहतात, भित्री कुत्री दाराच्या घंटीसारख्या आवाजांनी बिथरतात, असं त्यात दिसलं. मात्र ही सगळी माहिती मालकांनी प्रश्नावलीत भरलेली, आणि आपल्या मोत्याला मॅचमधलं कळत नाही हे कुठला मालक कबूल करील? क्रिकेट असो की कबड्डी, नांदेड-लातूरच्या घरांत सोफ्याखाली पसरलेलं कुत्रं सामन्याचं भागीदार मानलं जातं. ते भागीदार असतंही. पण त्याचं लक्ष ज्या खेळाकडे असतं, तो पडद्यावरचा नसतो.

आधी डोळ्यांचं बोलू. कुत्र्याला फक्त काळं-पांढरं दिसतं ही समजूत १९८९मध्येच मोडीत निघाली. जे नाइट्झ आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांपुढे तीन प्रकाशित तावदानं ठेवली. त्यातल्या वेगळ्या रंगाच्या तावदानाला नाक लावलं की खाऊ मिळायचा. निळा आणि पिवळा रंग कुत्र्यांनी बिनचूक वेगळे काढले, लाल-हिरव्याच्या पट्ट्यात मात्र त्यांचा गोंधळ उडाला. म्हणजे कसोटीतला लाल चेंडू हिरवळीवर त्यांना जेमतेम उठून दिसणार आणि बांगलादेशचा हिरवा-लाल पोशाख मैदानात विरघळणार. याउलट १९ नोव्हेंबर २०२३चा अहमदाबादचा विश्वचषकाचा अंतिम सामना, निळा भारत आणि पिवळा ऑस्ट्रेलिया, जणू कुत्र्यांच्या डोळ्यांसाठीच रंगवलेला होता. (निकाल बघता, त्यांना तो नीट दिसला नसता तरी चाललं असतं.)

१९८९मध्येच कॅरोलिन कॉइल यांनी बीगल जातीच्या कुत्र्यांना लुकलुकता आणि स्थिर प्रकाश ओळखायला शिकवलं. सेकंदाला सुमारे ७५ वेळा होणारी लुकलुकही त्यांना जाणवत होती. माणसाला बहुधा साठाच्या आसपासच प्रकाश सलग वाटू लागतो. ७५चा आकडा आज प्रत्येक जण देतो, कॉइल यांचं नाव मात्र क्वचितच घेतो. आपला जुना डबा टीव्ही सेकंदाला ५० वेळा उजळायचा. १९८३चा विश्वचषक आख्ख्या गल्लीने एका टीव्हीवर पाहिला असेल, पण कुत्र्यासाठी तो पडदा चोक बिघडलेल्या ट्यूबलाइटसारखा फडफडत होता. आताचा सपाट पडदा एक चित्र पुसून मगच दुसरं दाखवत नाही, पुढचं येईपर्यंत पहिलं धरून ठेवतो; म्हणून फडफड गेली. त्याचं श्रेय जाहिरातीतल्या फुगवलेल्या हर्ट्झना देण्याची गरज नाही.

मग आता तरी कुत्रं सामना बघतं का? इथे कारवानी या शिकारी कुत्र्याचा विचार करू. लातूर जिल्ह्यातलं जानवळ या कुत्र्यांसाठी नावाजलेलं आहे आणि माळेगावच्या यात्रेत श्वान प्रदर्शन भरतं. कारवानी शिकार नजरेने हेरतो, तेव्हा टीव्हीसमोर त्याचाच पहिला नंबर लागावा, असं वाटेल. पण सिडनीच्या पॉल मॅकग्रीवी आणि सहकाऱ्यांनी २००४मध्ये दाखवलं, की लांब नाकाच्या कुत्र्यांच्या डोळ्यांतल्या चेतापेशी आडव्या पट्ट्यात पसरलेल्या असतात, तर चपट्या नाकाच्यांत त्या मध्यभागी दाटलेल्या असतात. क्षितिजावरचा ससा टिपायला पट्टा उत्तम. समोरच्या चौकोनाकडे टक लावायला मधला दाट ठिपका बरा. म्हणजे टीव्हीपुढे जानवळच्या रुबाबदार कारवानीवर एखादा घोरणारा पग मात करू शकतो!

‘आमचा तर बॉलवर झेप घेतो,’ हा आक्षेप खराच आहे. एमोरी विद्यापीठाने २०२२मध्ये दोन कुत्र्यांना व्हिडिओ दाखवत त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. त्यांच्या मेंदूत ‘काय चाललंय’ याचा माग लागला, ‘कोण किंवा काय आहे’ याचा नाही. दोनच कुत्री, तेव्हा फार ताणू नये; पण झेप हालचालीवर असते, षटकारावर नसते, हे त्याच्याशी जुळतं. सामन्याचा अर्थ कुत्र्याला मिळतो तो माणसांकडून. लंडनमध्ये डेबोरा कस्टन्स आणि जेनिफर मेयर यांनी २०१२मध्ये माणसांना कुत्र्यांपुढे खोटं रडायला लावलं, तेव्हा गुणगुणणाऱ्यापेक्षा रडणाऱ्याकडे कुत्री जास्त गेली, रडणारा अनोळखी असला तरी. विकेट पडल्यावर कपाळाला हात लावणारे काका, ‘आउट!’ म्हणत उडी मारणारी पोरं, सांडलेला चिवडा, सगळं दोन हातांच्या अंतरावर, वासासकट. जिंकल्यावर गल्लीत सुतळी बॉम्ब फुटतो आणि आपल्या दुप्पट वरच्या पट्टीतलं ऐकणारं जनावर पलंगाखाली शिरतं, तेव्हा त्याच्यापुरता सामना हरलेला असतो. ज्याला हे पटत नसेल, त्याने पुढच्या सामन्याला टीव्ही आवाजासकट चालू ठेवावा, घरच्या सगळ्यांना दुसऱ्या खोलीत बसवावं आणि मोत्या कुठल्या खोलीत थांबतो ते बघावं. फक्त चिवड्याची वाटी दोन्हीकडे नको, नाहीतर प्रयोग बिघडेल.