चांदीपुरा विषाणूचा सातबारा

“डॉक्टरसाहेब, कालपर्यंत तं पोरगं चांगलं खेयत होतं!” मेंदूज्वराने मूल गेले की आईबापांच्या तोंडी हेच वाक्य असते. एकाएकी ताप, उलट्या, झटके, बेशुद्धी आणि पुष्कळदा २४ तासांच्या आत सारे संपते. हा घात करणाऱ्या एका विषाणूला आपल्याच विदर्भातील ठिकाणाचे नाव आहे. ते म्हणजे चांदीपुरा.

१९६५ साली नागपूर भागातील चांदीपुरा येथे तापाची साथ आली होती. तेथील दोन रुग्णांच्या रक्तातून पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतील, भट आणि रॉड्रिग्ज यांनी हा विषाणू शोधून काढला. मात्र साधा ताप आणणारा म्हणून पुढे बरीच वर्षे त्याची फारशी दखल घेतली गेली नाही.

२००३ च्या पावसाळ्यात तेव्हाच्या आंध्र प्रदेशात मेंदूज्वराची मोठी साथ आली. ३२९ मुले आजारी पडली, त्यातील १८३ दगावली. महाराष्ट्रातही त्या वर्षी अनेक घरांतील पाळणे रिकामे झाले. पहिला संशय जपानी मेंदूज्वरावर गेला. पण पुण्याच्या शास्त्रज्ञांना सूक्ष्मदर्शकाखाली बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा विषाणू दिसला. मग त्याची जनुके वाचण्यात आली.

जनुके वाचणे म्हणजे काय? शेतकरी वाचकांना सातबारा समजतो. जमीन तीच राहते, पण वेळोवेळी फेरफाराच्या नोंदी पडत जातात. त्या नोंदी लावून पाहिल्या की जमीन कोणाकडून कोणाकडे आली ते कळते. विषाणूचेही तसेच आहे. चांदीपुऱ्याच्या जनुकांत सुमारे ११ हजार अक्षरे असतात. विषाणू वाढताना त्यांत अधूनमधून फेरफार होतो. दोन ठिकाणच्या विषाणूंचे फेरफार ताडून पाहिले की त्यांचे नाते कळते. २००३ च्या विषाणूची अक्षरे १९६५ च्या मूळ विषाणूशी ९६.७ ते ९७.५ टक्के जुळली. म्हणजे शत्रू बाहेरून आलेला परका नव्हता. तो आपल्याच मातीतला होता.

मूल तर गेले, आता ही अक्षरे जुळवून काय उपयोग, असे कोणी विचारील. उपयोग आहे. जपानी मेंदूज्वर धानाच्या बांधीतील डासांमुळे पसरतो व त्यावर लस आहे. चांदीपुऱ्यावर लस नाही, खास औषधही नाही आणि तो पसरवते ती मुख्यतः वाळूमाशी. शत्रू चुकीचा ठरला, तर फवारणीही चुकीच्या जागी होते.

ही माशी डासापेक्षा लहान असते. मातीच्या भिंतींच्या भेगा, गोठा आणि शेणाचा ओलावा ही तिची घरे. ती उंच उडत नाही. म्हणून भेगा बुजवाव्या, गोठा घरापासून दूर व कोरडा ठेवावा, फवारणीचे पथक आल्यास गोठ्यासह सर्व खोल्या उघडून द्याव्या. मुलांना अंगभर कपडे घालावे. साध्या मच्छरदाणीतून वाळूमाशी आत शिरू शकते, तेव्हा ती बारीक छिद्रांची घ्यावी.

ही जुनी गोष्ट नव्हे. २०२४ मध्ये जूनच्या सुरुवातीपासून १५ ऑगस्टपर्यंत देशात मेंदूज्वराचे २४५ रुग्ण नोंदले गेले. त्यातील ८२ दगावले आणि ६४ जणांत चांदीपुरा सिद्ध झाला. बहुतेक गुजरातमधील होते.

पावसाळ्यातला प्रत्येक ताप चांदीपुरा नसतो, घाबरू नये. पण तापासोबत झटके, सारख्या उलट्या किंवा गुंगी दिसली तर तासभरही थांबू नका. १०८ ला फोन करा. अकोल्याचे सर्वोपचार वा अमरावतीचे इर्विन गाठा. झटका आल्यास मुलाला कुशीवर ठेवा. तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवण्यात व अंगाऱ्यात वेळ दवडू नका. वेळेवर झटके थांबवले, साखर व श्वास सांभाळला, मेंदूची सूज उतरवली तर पुष्कळ मुले वाचतात.

शेवटी एक विनंती. पाठीतले पाणी काढले की मूल लंगडे होते, ही समजूत खोटी आहे. डॉक्टरांनी रक्त वा पाठीतले पाणी तपासणीला मागितले तर नाही म्हणू नका. त्याच थेंबांतून विषाणूचा सातबारा निघतो आणि शेजारच्या गावातील मूल वाचू शकते.