वार पडायची वाट पाहू नका

गाय व्याली, पण वार पडेपर्यंत वासराला चीक पाजायचा नाही, ही समजूत बुलढाणा जिल्ह्यातल्या अनेक गोठ्यांत अजून टिकून आहे. ती वासरांच्या जिवावर उठते.

माणसाच्या बाळाला रोगाशी लढणारी प्रतिपिंडं आईच्या पोटातच मिळतात. गाईच्या वारेची रचना वेगळी. तिच्यातून ती पलीकडे जातच नाहीत. वासराची सारी शिदोरी चिकात असते. तीही आयती पदरात पडत नाही. प्रतिपिंडं जशीच्या तशी रक्तात घेण्याची आतड्याची ताकद तासागणिक घटते आणि साधारण 24 तासांत संपते. वार पडायला मात्र कधी आठ, कधी बारा तास लागतात! म्हणून पहिला चीक तासा-दोन तासांत पाजा. दिवसभरात वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका, म्हणजे 25 किलोच्या वासराला अडीच लिटर, तीन-चार वेळा विभागून. वासरू आचळाला लागलं की गाईच्या शरीरात ऑक्सिटोसिन स्रवतं, गर्भाशय आकुंचन पावतं, आणि वार पडायला उलट मदतच होते. वासराचं पोट भरल्यावर उरलेल्याचा खरवस खुशाल करा.

चीक तयार होतो गाभणपणाच्या शेवटच्या आठवड्यांत. तेव्हा नुसत्या सोयाबीन-तुरीच्या कुटारावर गाय ठेवू नये. सोबत हिरवा चारा, थोडी सरकी ढेप आणि पशुवैद्यकाच्या सल्ल्याने खनिज मिश्रण द्यावं. विण्याआधी दोन महिने तिचं दूध आटवावं.