तळ्याचे पाणी, शेतातील माती व जड धातू

हैदराबादच्या आसपासच्या मुलखात तलाव आणि शेती ह्यांचे नाते फार जुने आहे. काकतीय राजांनी व पुढे कुतुबशाही सुलतानांनी उतारावर बांध घालून ठिकठिकाणी तलाव बांधविले. वरचा तलाव भरला की त्याचे पाणी खालच्या तलावात उतरे, आणि त्याच्या पोटाखाली भाताची खाचरे भिजत. गावाचे सांडपाणीही थोडेबहुत त्यात मिसळे. परंतु त्याने शेताचे बिघडत नसे, उलट पीक जोमाने येई. गढूळ पाण्याला पीक चांगले येते, हा शेतकऱ्याचा अनुभव खोटा नव्हे. मात्र आज अनेक तलावांत जे पाणी येते त्याला हा जुना अनुभव लागू पडत नाही. तो का, हे समजून घेतले पाहिजे.

शेण, मलमूत्र, पालापाचोळा हे पदार्थ कुजतात. जमिनीतील सूक्ष्म जंतू त्यांचे खत करतात. पण शिसे, कॅडमियम, पारा, क्रोमियम, निकेल हे जड धातू, आणि त्यांच्याच पंक्तीला बसविला जाणारा सोमल, ही मूलद्रव्ये आहेत. त्यांना कोणताही जंतू खाऊन संपवू शकत नाही. ती केवळ जागा बदलतात. मुलामा देण्याचे कारखाने, बॅटऱ्या, रंग, कातडी कमावणे व रसायने ह्या धंद्यांच्या सांडपाण्यातून ती तलावात येतात, तलावातून पाटात आणि पाटातून शेतात.

शेतात ती कशी साठतात हे साध्या अंकगणिताने कळेल. ओलिताच्या पाण्यात लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमहून अधिक कॅडमियम असू नये, अशी शिफारस संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने केलेली आहे. समजा, पाणी बरोबर ह्या मर्यादेवर आहे. एक हेक्टर शेताला वर्षभरात एक मीटर उंचीचे पाणी दिले, तर ते एक कोटी लिटर भरते आणि त्याबरोबर १०० ग्रॅम कॅडमियम शेतात येते. वरच्या वीतभर मातीचे वजन सुमारे २० लक्ष किलो धरले, तर दर किलो मातीत वर्षाला ०.०५ मिलिग्रॅमची भर पडते. वीस वर्षांत ही भर १ मिलिग्रॅम होते. निर्मळ मातीत एरवी ह्याच्या निम्मेही कॅडमियम बहुधा नसते. पाणी दसपट दूषित असेल, तर तेवढीच भर पडावयास दोनच वर्षे पुरतात. म्हणून एखाद्या दिवशी तलावाचे पाणी तपासून ते बरे निघाले, एवढ्याने निश्चिंत होता येत नाही. खरा हिशेब मातीत असतो.

मातीतील सर्वच धातू पिकात सारखे चढत नाहीत. शिसे बहुतांशी मुळापाशीच अडते. पानांवर धुळीबरोबर बसलेले शिसे धुण्याने बरेचसे जाते. कॅडमियम मात्र जस्ताचा भाऊबंद असल्यामुळे रोप त्याला जस्ताच्याच वाटेने आत घेते, आणि ते पानांत व दाण्यांत पोचते. ते धुऊन वा शिजवून निघत नाही. पालक, माठ अशा पालेभाज्यांत ते अधिक उतरते, फळभाज्यांत कमी. आम्ल जमिनीत ते सहज सुटते, चुनखडीच्या जमिनीत काहीसे बांधलेले राहते. भाताच्या खाचरात पाणी उभे असेपर्यंत कॅडमियम दबून राहते आणि पाणी काढले की मोकळे होते. सोमलाचे नेमके उलट आहे. म्हणून एकच उपाय सर्वांना लागू पडत नाही.

ही केवळ पुस्तकी भीती नव्हे. जपानातील तोयामा प्रांतात जिंत्सू नदीच्या वरच्या अंगाला जस्ताची खाण होती. तिच्यातील कॅडमियम नदीवाटे भाताच्या शेतांत गेले. तो भात खाणाऱ्यांची, विशेषतः वयस्क स्त्रियांची, मूत्रपिंडे निकामी होऊन हाडे ठिसूळ झाली. त्या दुखण्याला लोकांनी ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखते, दुखते’ असे नाव दिले. हा रोग प्रदूषणामुळे झाला हे सरकारने १९६८ साली मान्य केले. पण तेथील शेतांची माती बदलण्याचे काम २०१२ साली पुरे झाले.

आपल्या शेजारचे उदाहरण पटणचेरूचे. तेथे १९७० नंतरच्या दशकात औद्योगिक वसाहत उभी राहिली. औषधांच्या व रसायनांच्या कारखान्यांचे पाणी काजीपल्लीसारख्या तलावांत आणि नक्कावागू ओढ्यातून मांजरा नदीकडे जाऊ लागले. बीड जिल्ह्यात उगम पावून लातूरकडून येणारी मांजरा ती हीच. येथील मातीत सोमल व क्रोमियम वाजवीपेक्षा अधिक असल्याचे शास्त्रज्ञांना आढळले. १९९० साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १९९४ साली सामुदायिक शुद्धीकरण केंद्र सुरू झाले. पण असे केंद्र मुख्यतः जंतूंच्या साहाय्याने चालते. जंतू सेंद्रिय घाण खातात, धातू खात नाहीत. ते काही पाण्याबरोबर जातात, काही गाळात बसतात. आणि तो गाळ खत म्हणून वापरला तर पुन्हा शेतातच येतात. धातू वेगळा काढावयाचा तो कारखान्याच्या आवारातच काढला पाहिजे.

मग शेतकऱ्याने काय करावे? पहिली गोष्ट मातीची तपासणी. २०१५ पासून सरकार जी जमीन आरोग्य पत्रिका देते तीत बारा गोष्टी तपासल्या जातात. त्यांत जस्त व तांबे आहेत, पण शिसे व कॅडमियम नाहीत. त्यांची तपासणी वेगळी मागून घ्यावी लागते, आणि तिचा खर्च एकट्या शेतकऱ्याला जड जातो. गावच्या संस्थांनी तो उचलणे हे मोठे पुण्याचे काम होईल. जमीन दूषित निघाल्यास तीत पालेभाजी व चारा न घेता कापूस, फुले किंवा इमारती लाकडाची झाडे घ्यावीत. जमीन आम्ल असेल तर चुना द्यावा. कुजलेले शेणखत भरपूर घालावे. ह्याने धातू जात नाहीत, पण पिकात चढण्याचे प्रमाण कमी होते.

शेवटी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. असे पाणी शेताला देणारा शेतकरी हौसेने ते देत नाही. त्याच्या वाट्याला दुसरे पाणीच नसते. त्याची भाजी घेणार नाही असे म्हणून शहराची सुटका होत नाही, कारण त्या तलावात जे आले ते शहराच्याच कारखान्यांतून आले आहे. मातीत एकदा गेलेला धातू काढावयास पिढी खर्ची पडते. तो पाण्यात जाऊ न देणे मात्र आज आपल्या हाती आहे.