विश्लेषण : नाव ‘क्लिपलेस’, तरी बूट पेडलला अडकलेलाच! सायकलचे हे पेडल निवडायचे कसे आणि सवय लावायची कशी?

सिग्नल लाल होतो. सायकलस्वार ब्रेक दाबतो, सायकल थांबते. नेहमीप्रमाणे तो डावा पाय जमिनीवर टेकवायला जातो आणि पाय उचललाच जात नाही. बूट पेडलला पक्का अडकलेला असतो. पुढच्या क्षणी तो सायकलसकट आडवा होतो, तोही शून्य वेगात, शेजारच्या दुचाकीस्वारांच्या डोळ्यांदेखत. क्लिपलेस पेडल वापरणाऱ्या कुणाशीही गप्पा मारल्या तर असा एखादा किस्सा हमखास निघतो. बहुतेकदा कोपर खरचटते आणि थोडे हसे होते. मात्र बाजूने बस जात असेल तर एवढ्यावर निभावेलच असे नाही. शनिवार-रविवारी घाटरस्त्यांवर जाणारे आणि २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पूर्ण करण्याच्या ‘बीआरएम’मध्ये उतरणारे अनेक जण कधी ना कधी या पेडलचा विचार करतात. खर्च काही हजारांचा असतो आणि चुकीची जोडी घेतली तर ती एकमेकांत बसतही नाही.

पाय अडकतो, मग ‘क्लिपलेस’ कसे?

पूर्वी रेसिंग सायकलच्या पेडलपुढे धातूचा पिंजरा असे. त्याला टो-क्लिप म्हणत. पाय त्यात सरकवायचा आणि वरून पट्टा आवळायचा. थांबताना तोच पट्टा वाकून हाताने सैल करावा लागे. हा पिंजरा नाहीसा झाला म्हणून नव्या पेडलला ‘क्लिपलेस’ हे नाव मिळाले आणि ते ऐकणाऱ्याची आजही फसगत होते.

हा बदल घडवला फ्रान्सच्या ‘लुक’ कंपनीने. ही कंपनी मूळची बर्फावरच्या स्कीला बूट जोडणारी बाइंडिंग बनवणारी. बूट घट्ट धरून ठेवणे आणि पडताना पाय पिळला गेला की तो आपोआप सोडणे, हे त्या बाइंडिंगचे काम. हेच तत्त्व कंपनीने १९८४ मध्ये सायकलच्या पेडलला लावले. पुढच्याच वर्षी बर्नार इनो यांनी पाचव्यांदा टूर द फ्रान्स जिंकली, तेव्हा त्यांच्या पायाखाली लुकचेच पेडल होते. त्यानंतर पट्टे मागे पडत गेले. जपानच्या ‘शिमानो’ने १९९० मध्ये माउंटन बाइकसाठी ‘एसपीडी’ ही पद्धत आणली.

रचना साधी आहे. बुटाच्या तळव्याला क्लीट नावाचा लहान तुकडा बोल्टने बसवलेला असतो. तो पेडलमधील स्प्रिंगच्या जबड्यात दाबला की ‘खट्’ आवाज होऊन अडकतो. सोडवण्यासाठी टाच बाहेरच्या बाजूला वळवायची. पाय सरळ वर ओढला तर तो सुटत नाही. सिग्नलवर पडण्याचे कारण नेमके हेच आहे. लहानपणापासून शरीराला पाय उचलायची सवय असते आणि घाबरलेला माणूस जुन्या सवयीवरच जातो.

वेग खरोखर वाढतो का?

दुकानात आणि ग्रुपवर एक वाक्य वारंवार कानावर पडते : ‘पाय वर ओढतानाही ताकद मिळते.’ संशोधन याला फारसा दुजोरा देत नाही. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये साधे धावण्याचे बूट, टो-क्लिप आणि क्लिपलेस अशी तुलना केली. स्थिर गतीने सायकल चालवताना शरीराच्या ऊर्जाखर्चात लक्षणीय फरक आढळला नाही. त्याआधी २००७ मधील एका अभ्यासात सायकलपटूंना मुद्दाम पाय वर ओढायला सांगितले, तेव्हा त्यांची एकूण कार्यक्षमता उलट घटली. थोडक्यात केलेल्या जोरदार स्प्रिंटमध्ये मात्र अडकलेल्या बुटाचा फायदा दिसतो.

मग लांब पल्ल्याचे सायकलस्वार हे पेडल का वापरतात? पाय घसरत नाही म्हणून. पावसात, खडबडीत रस्त्यावर किंवा चढावर सीटवरून उठून पेडल मारताना पाय जागच्या जागी राहतो. शिवाय कडक तळव्यामुळे दाब पायाच्या एकाच ठिकाणी येत नाही. ताशी २० किलोमीटरने २०० किलोमीटर म्हणजे १० तास. मिनिटाला ८० फेरे धरले तर प्रत्येक पाय ४८ हजार वेळा फिरतो. एवढ्या वेळा पाय बरोबर जागी असणे सुखाचे असते. पण हाच हिशेब उलटाही लागतो. क्लीट चुकीच्या कोनात बसली असेल तर गुडघा ती चूक ४८ हजार वेळा सोसतो.

घर ते ऑफिस सात-आठ किलोमीटर जाणाऱ्याला याची गरज नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे. चांगली पकड असलेले रुंद साधे पेडल त्याला पुरते. गिअर आणि ब्रेक अजून अंगवळणी पडले नसतील तर आधी तेच शिकावे.

दोन बोल्ट की तीन?

खरेदीतला खरा प्रश्न कंपनीचा नसून बोल्टच्या संख्येचा आहे. दोन बोल्टच्या पद्धतीत (शिमानो एसपीडी ही त्यातील सर्वाधिक प्रचलित) क्लीट लहान आणि धातूची असते. ती तळव्याच्या खाचेत दबलेली राहते आणि भोवती रबराचे दाते असतात. त्यामुळे टपरीवर चहा प्यायला उतरले तरी माणसासारखे चालता येते. तीन बोल्टच्या पद्धतीत (लुक किओ, शिमानो एसपीडी-एसएल) क्लीट मोठी, प्लास्टिकची आणि तळव्याबाहेर आलेली असते. दाब मोठ्या भागावर पसरतो, म्हणून शर्यतीत हीच दिसते. मात्र पेट्रोल पंपाच्या गुळगुळीत फरशीवर तिच्यासह चालणे म्हणजे बदकाची चाल. पाय घसरतो आणि क्लीट झिजते ती वेगळीच.

बीआरएममध्ये नियंत्रण थांब्यावर उतरावे लागते. मध्येच पंक्चर काढावे लागते, एखाद्या चढावर सायकल हातात धरून चालावेही लागते. शहराबाहेर पडेपर्यंत दहा-बारा सिग्नल असतातच. अशा वापरासाठी आणि पहिल्या खरेदीसाठी दोन बोल्टची, दोन्ही बाजूंनी अडकणारी एसपीडी हीच शहाणपणाची निवड ठरते. शिमानोचे पीडी-एम५२० हे या प्रकारातले जुने, दणकट मॉडेल. सिग्नल सुटल्यावर पेडलची कोणती बाजू वर आहे हे खाली बघावे लागत नाही आणि नजर रस्त्यावर राहते. एका बाजूला साधे आणि दुसऱ्या बाजूला एसपीडी असलेलेही पेडल मिळते. चपलेवर कोपऱ्यावरच्या दुकानात जाता येते, हा त्याचा फायदा. तोटा असा की घाईच्या वेळी नको तीच बाजू वर येते.

बूट घेताना तळव्याची छिद्रे मोजावीत. तीन छिद्रांच्या बुटाला दोन बोल्टची क्लीट थेट लागत नाही. ऑनलाइन सवलतीत बूट एका पद्धतीचे आणि पेडल दुसऱ्या पद्धतीचे आले, ही तक्रार नवी नाही. एकाच आकाराची दिसत असली तरी लुक आणि शिमानोची तीन बोल्टची क्लीटही एकमेकांच्या पेडलमध्ये चालत नाही.

बूट संध्याकाळी घालून पाहावेत, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात आणि उन्हातल्या लांब राइडमध्ये तर हमखास. टाच उचलली जाता कामा नये, पण बोटे मोकळी हलली पाहिजेत. आपल्याकडे अनेकांचे पाय पुढून रुंद असतात. त्यांनी लांबीचा नंबर वाढवण्याऐवजी रुंद साच्याचा बूट शोधावा. कार्बनचा तळवा नवख्याला लागत नाही, नायलॉनचा पुरतो.

गुडघा दुखू नये म्हणून

क्लीट साधारणपणे चवड्याच्या जाड भागाखाली, अंगठा आणि करंगळीच्या मुळाशी असलेल्या उंचवट्यांच्या दरम्यान येईल अशी बसवतात. शंका असेल तर किंचित मागे. खुर्चीच्या कडेवर बसून पाय लोंबते सोडावेत आणि पावले आपोआप किती बाहेर वळतात ते पाहावे. क्लीटचा कोन त्याला धरून असावा. पावले जबरदस्तीने सरळ करू नयेत.

सुटण्याआधी टाच जेवढी मोकळी हलते त्याला ‘फ्लोट’ म्हणतात. तीन बोल्टच्या क्लीटमध्ये तो रंगावरून ओळखतात आणि इथे एक सापळा आहे. शिमानोत पिवळ्या क्लीटला ६ अंश, निळीला २ आणि लाल क्लीटला शून्य फ्लोट असतो. लुकमध्ये लाल क्लीटला सर्वाधिक म्हणजे ९ अंश, करडीला साडेचार आणि काळीला शून्य. म्हणजे ‘लाल दे’ असे सांगून चालत नाही. नवख्याने शून्य फ्लोटच्या वाट्याला जाऊ नये.

एसपीडीमध्ये निवड वेगळी असते. काळी ‘एसएच५१’ क्लीट फक्त टाच बाजूला वळवल्यावर सुटते. चंदेरी ‘एसएच५६’ ही पाय वाकडातिकडा वर ओढला तरी सुटते. पहिल्या काही महिन्यांसाठी चंदेरी क्लीट लावण्यात कमीपणा नाही. चढावर फार जोरात ओढल्यास ती कधी नको तेव्हा सुटू शकते, एवढे लक्षात ठेवावे.

बोल्टच्या आट्यांना थोडे ग्रीस लावावे आणि शिमानोने सांगितल्याप्रमाणे ५ ते ६ न्यूटन-मीटर इतके आवळावे. मग क्लीटभोवती मार्करने रेघ मारून ठेवावी. पुढे सरकवायची झाली तर आधी कुठे होती ते कळते. पेडल बसवताना डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे विसरले की क्रँकचे आटे जातात.

पाय उचलायचा नाही, टाच वळवायची

घराबाहेर पडण्याआधी पेडलच्या स्प्रिंगचा ताण सर्वात कमी करावा. दोन्ही बाजूंच्या एसपीडीत असे चार स्क्रू असतात. तीनच सैल केले तर चौथा बरोबर सिग्नलवर भेटतो.

मग भिंतीला किंवा दाराच्या चौकटीला टेकून सायकलवर बसावे. एक पाय अडकवा, सोडवा. वीस-तीस वेळा. नंतर दुसरा. कंटाळा येईपर्यंत हे करावे, कारण कंटाळा येणे म्हणजे हालचाल मेंदूकडून पायाकडे गेल्याची खूण. त्यानंतर गवताच्या मैदानात किंवा सोसायटीच्या रिकाम्या रस्त्यावर निघणे, दहा मीटर जाणे, पाय सोडवणे आणि थांबणे, एवढाच सराव.

इथे क्रम महत्त्वाचा आहे. थांबल्यावर पाय सोडवायचा नसतो, सोडवून थांबायचे असते. सिग्नल शंभर मीटरवर असतानाच हलका गिअर टाकावा, पेडल तळाशी आणून टाच बाहेर वळवावी आणि सुटलेला पाय पेडलवर नुसता ठेवून पुढे जावे. दाट वाहतुकीत, जिथे पुढची रिक्षा कधी थांबेल याचा नेम नसतो, तिथे एक पाय मोकळा ठेवूनच चालवावे.

मोकळा कोणता ठेवायचा? आपल्याकडे डावा. फूटपाथ डावीकडे आणि वाहतूक उजवीकडे असते. मात्र डावा पाय सोडवला आणि तोल उजवीकडे गेला तर सुटलेल्या पायाचा उपयोग शून्य आणि पडणे थेट वाहनांच्या बाजूला. अगदी थांबता थांबता हँडल किंचित उजवीकडे वळवले की सायकल डावीकडे कलते. चाक उजवीकडे सरकते, शरीराचे वजन मागे डाव्या बाजूला राहते, इतके साधे भौतिकशास्त्र. रिकाम्या रस्त्यावर दहा वेळा करून पाहिले की ते पटते.

पडण्याची वेळ आलीच तर हात पुढे टेकवण्याचा मोह टाळून हँडल धरून ठेवावे. तळहातावर पडणाऱ्याचे मनगट किंवा गळ्याजवळचे हाड मोडण्याची भीती असते. ग्लोव्ह्ज आणि हेल्मेट सरावाच्या दिवशीही हवेच.

पहिल्या राइडनंतर क्लीटचे बोल्ट पुन्हा आवळावेत. पावसाळ्यात चिखलातून चालल्यावर काडीने खाच साफ करावी, नाही तर क्लीट अर्धवटच अडकते. आणि दोनपैकी एक बोल्ट वाटेत पडला, तर टाच कितीही वळवली तरी क्लीट बुटाखाली नुसती फिरते आणि पाय सुटत नाही. अशा वेळी दुसऱ्या पायावर थांबून बुटाचा पट्टा सोडायचा आणि पाय बुटातून बाहेर काढायचा. बूट राहतो पेडलला लटकत, तो नंतर पान्याने सोडवता येतो. त्यासाठी सीटखालच्या पिशवीत एक सुटा बोल्ट आणि ॲलन की असली की काम भागते.